बाई, ओसरीचं भांडण राहिलंच

बाई,

काल तुमचे भाऊ नगरला परत गेले. जाताना शाळेच्या दारात थांबले आणि मला विचारलं, "ताई शेवटी काही बोलली का?" मी म्हटलं, "बोलल्या. चौथीचा भूगोल मागे राहिलाय म्हणाल्या." ते हसले, आणि हसता हसता रडले. मी खोटं सांगितलं नाही. तुम्ही तेच बोललात. जे बोलायला हवं होतं ते मात्र आपल्या दोघींचं अर्धंच राहिलं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुम्हीच शिकवलेल्या पुस्तकी भाषेत लिहिते आहे. मध्येच आमची वऱ्हाडी उमटली तर चालवून घ्या. आता पाटीवर रेघ ओढायला तुम्ही नाही.

मी पहिल्यांदा तुमच्या वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले तेव्हा माझ्या काखेत धाकटा भाऊ होता. माय आणि बा दिवसभर मळ्यात, भाजीच्या वाफ्यांत. घरात मोठी मीच, म्हणून लेकरू माझ्याकडे. तुम्ही आतून हाक मारली, "मूल घरी ठेवून ये, मग बस." मी म्हटलं, "घरी कोनी नाई." तुम्ही विचारलं, "आई कुठे आहे?" मी म्हटलं, "माय वावरात हाये." तुम्हाला ते कितपत कळलं कोण जाणे. तुम्ही मान हलवलीत आणि फळ्याकडे वळलात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आले. त्या दिवशी भावानं असा गळा काढला की आतल्या पोरींना तुमचं ऐकू येईना. तुम्ही तरातरा बाहेर आलात. मला वाटलं, आता मार बसतो. तुम्ही लेकरू माझ्या काखेतून काढून घेतलंत, शेजारच्या तुमच्या खोलीत गेलात, एक जुनं लुगडं आणलंत आणि वर्गाच्या आढ्याला त्याची झोळी बांधलीत. भाऊ दोन झोक्यांत निजला.

"आता हात मोकळे झाले ना?" तुम्ही म्हणालात. "मग बस."

गावभर झालं. ज्यांच्या काखेत लेकरू होतं त्या सगळ्या पोरी हळूहळू आत आल्या आणि आढ्याला झोळ्याच झोळ्या लटकल्या. बुलढाण्याहून तपासणीसबाई आल्या तेव्हा दारातच थबकल्या. "ही शाळा आहे की बाळंतिणीची खोली?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाईसाहेब, झोळ्या सोडल्या तर खालच्या मुलीही जातील. आपण म्हणाल तसं करू." आमचं वाचन घेता घेता त्यांनीच एका झोळीची दोरी हातात घेतली आणि जाईपर्यंत सोडली नाही.

माझ्या मायचं मन वळवायला मात्र तुम्हाला मळ्यात यावं लागलं. माय म्हणाली, "पोट्टी शाळेत बसन त मिरच्या कोन तोडन?" तुम्ही म्हणालात, "मी तोडते." माय चकित झाली. मिरच्या झाल्यावर ती म्हणाली, "आता तेवढा सांबार निंदून घ्या." तुम्ही उभ्या राहून चारी बाजूंना पाहू लागलात. तुमच्याकडे सांबर म्हणजे जंगलातलं जनावर. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? समजल्यावर तुम्ही वाफ्यात बसलात आणि गवताबरोबर अर्धा सांबारही उपटलात. माय कपाळाला हात लावून हसायला लागली. "उठा बाई, उठा. तुमी पोट्टीले शिकवा. तुमाले हे जमनार नाई." एवढ्यावर माझं शिक्षण ठरलं.

घरी मी वच्छी. तुम्ही हजेरीत लिहिलंत वत्सला. "मी जातो" म्हटलं की तुम्ही थांबवायचात, "तू मुलगी आहेस. मी जाते, असं म्हण." मी घरी येऊन मायला ते सांगितलं. माय म्हणाली, "मी जलमभर जातो म्हन्लं. कुठी अडली नाई." या बोलीवरूनही आपण पुढे खूप भांडलो. पण ती गोड भांडणं होती. त्यांची आठवण काढून आता हसू येतं.

माझं लग्न झालं आणि लवकरच मी पांढऱ्या कपाळानं मायच्या घरी परत आले. बायका गळ्यात पडून रडत होत्या. तुम्ही आलात, कोपऱ्यात बसलात. तुम्हीही त्याच वाटेनं आलेल्या, म्हणून मला वाटलं आता तुम्ही जास्तच रडाल. सगळ्या गेल्यावर तुम्ही म्हणालात, "वत्सला, रडून घे. कितीही दिवस रड. मग चौथीचं पुस्तक काढ." तेव्हा मला तुमचा राग आला होता. आज सांगते, त्या दिवसांत मला काहीतरी करायला सांगणारं माणूस तुम्ही एकट्याच होतात.

पुढे मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अमरावतीला पाठवायची गोष्ट निघाली. बा नको म्हणत होता. माय म्हणाली, "जाऊ दे तिले. अथी बसून काय करन?" तुम्ही घाट उतरून मलकापूरपर्यंत मोटारीनं सोबत आलात. गाडी हलताना खिडकीत तोंड घालून सांगितलंत, "स्टेशनांची नावं वाचत जा. वाचणं थांबलं की रडू येईल." मी नांदुरा वाचलं, जलंब वाचलं, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. अमरावती येईपर्यंत रडायला सवडच मिळाली नाही.

पण बाई, तिथून मी जी परत आले ती तुमच्याशी भांडायलाच आले.

आपल्या शाळेच्या ओसरीत महारवाड्यातल्या पोरी बसत. आत आम्ही, बाहेर त्या. शिकत होते तोवर मला त्यात काही दिसलं नाही. गाव जसं होतं तशीच शाळा. अमरावतीला मात्र माझ्या सतरंजीवर, माझ्या शेजारी, महारवाड्यातून आलेली एक मुलगी बसायची. आम्ही एकत्र गणितं सोडवली आणि एकदा एकत्रच नापास झालो. परत येऊन तुमच्याबरोबर शिकवू लागले तेव्हा ओसरीतल्या पोरी माना उंचावून फळा पाहताना दिसल्या आणि मला राहवेना.

"बाई," मी म्हटलं, "यांना आत घ्या."

"नाही."

"नागपूरच्या सरकारचा हुकूम आहे ना, सगळ्या जातींच्या पोरींना शाळेत घ्या म्हणून?"

"आहे. आत की ओसरीत, ते हुकमात नाही."

"तुम्ही तर त्यांच्या पाट्या हातात घेता. पाटीला विटाळ नाही म्हणता. मग जागेला कसा?"

"मला नाहीच, वत्सला. गावाला आहे. शाळा राहिली तर आज ना उद्या मुली आत येतील. शाळाच मोडली तर कुठे बसवशील?"

"आज ना उद्या म्हणजे केव्हा?"

तुम्ही खडू ठेवलात. मग पहिल्यांदा सांगितलंत. तुम्ही गावात आलात त्याच वर्षी एका पोरीला आत बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. तुम्ही रोज घंटा वाजवून रिकाम्या खोलीत बसत राहिलात. इकडे त्या पोरीच्या बापाला गावात कोणी कामावर बोलवेना. एक दिवस ते कुटुंब घर उचलून घाट उतरून निघून गेलं. पोरगी पुन्हा तुम्हाला दिसली नाही. "तिचं अक्षर फार चांगलं होतं," तुम्ही म्हणालात. "माझा धडा मी शिकले. तू मला आता नवा शिकवू नकोस."

मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही एकट्या होता. आता आपण दोघी आहोत."

तुम्ही म्हणालात, "भोगणारं घर तेव्हाही एकच होतं. आताही एकच असेल. ते तुझं नसेल आणि माझंही नसेल."

मी आवाज चढवला. तुम्हीही चढवलात. मग आपलं बोलणंच बंद झालं. वर्ग चालायचे, पण निरोप पोरींकडून. "बाईंना सांग, खडू संपला." "त्यांना सांग, कपाटात आहे." असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण निरोप नेणारी एक पोरगी आपल्या पदरचं घालू लागली. एके दिवशी ती मला येऊन म्हणाली, "मोठ्या बाई म्हनून राह्यल्या का, तुमचं डोकं फिरलं." मी तशीच तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मी म्हणाले नाही. पण मनात होतं, ते तिनं वाचलं. चांगली शिकवली आहेस." आपण दोघी इतक्या हसलो की वर्ग उठून पाहायला आला.

बोलणं सुरू झालं. ओसरी तशीच राहिली. दर वर्षी मी विषय काढायचे, दर वर्षी तुम्ही म्हणायचात, अजून नाही. त्या वर्षांत तुम्ही ओसरीच्या पोरींसाठी काय केलं नाहीत? त्यांच्या पाट्या आधी तपासायचात. ओसरीवर पाऊस यायचा म्हणून स्वतः उभ्या राहून तट्ट्या लावून घेतल्यात. फळा दाराकडे तिरका केलात. सगळं केलंत, बाई, उंबरा तेवढा तुमच्यानं ओलांडला गेला नाही. मी रागानं हे कितीदा तरी मनात म्हटलं. त्याच वेळी हेही ठाऊक होतं की तुम्ही नसतात तर ओसरीही नसती आणि मीही आज कुठल्या वाफ्यात मिरच्या तोडत बसले असते.

तुम्हाला ताप आला तेव्हा कोणाला वाटलं होतं की हा शेवटचा? मी उशाशी बसून म्हटलं, "बऱ्या व्हा, मग ओसरीचं भांडू."

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तयारी करून ये. मागच्या वेळी कच्ची होतीस."

मी खरंच तयारी करत होते. तुमच्या प्रत्येक बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते भाकरी थापताना, पाणी भरताना जुळवत होते. तुमचा ताप उतरायची वाट पाहत होते. तो उतरलाच नाही.

तुमच्या अंत्ययात्रेला सगळं गाव लोटलं. पार देऊळघाट गावापासून माणसं आली. महारवाड्यातल्या बायका मात्र नाल्याच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांच्यात गिरजाबाई होती. तिची कौतिका आपल्या ओसरीत बसते, तिसरीत. गिरजाबाई तिथूनच हात जोडून उभी राहिली आणि सगळे परतल्यावरही उभीच होती.

दोन-चार दिवसांनी ती मला वाटेत भेटली. म्हणाली, "बाई, आता कौतिकाचं काय?"

"काय म्हणजे?"

"मोठ्या बाई होत्या तवा वसरी तरी होती. आता तेबी जाईन काय?"

मी आत बसवायचं म्हणून मनात मांडे खात होते आणि तिला ओसरीचीच धास्ती होती. मी म्हटलं, "गिरजाबाई, मी तिले आत बसवीन म्हन्तो. पन तरास तुमाले होईन. काम बंद होईन, पानी बंद होईन. तुमी नाई म्हन्लं त मी नाई बसवनार."

हे तुमच्याकडून शिकले होते, बाई. भोगणाऱ्या घराला आधी विचारायचं.

गिरजाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तरास आमाले नवा हाये काय? माह्या मालकाचं आन् माह्यं बोलनं झालं हाये. आमी टिकू. तुमी टिकसान काय, ते सांगा."

मी म्हटलं, "टिकीन."

"मंग बसवा," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा भारा सावरत निघून गेली. ओसरीतल्या बाकीच्या पोरींच्या घरीही मी असंच विचारून आले.

तुमच्या तेरवीनंतर पाटलांनी शाळेत सगळ्यांना जमवलं. पाटील खरंच हळहळले होते. त्यांच्या दोन्ही लेकी तुमच्याकडे शिकल्या. म्हणाले, "बाई देवमानूस होती. शाळेत तिचा फोटू लावू. आखीन काई तिची इच्छा असन त सांग, वच्छी. तू तिच्या उशाशी होती. मरनाऱ्याचा शबद हे गाव मोडनार नाई."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

बाई, त्या वेळी एक वाक्य माझ्या अगदी जिभेवर होतं. 'बाईंची शेवटची इच्छा होती की ओसरीतल्या पोरी आत बसाव्यात.' एवढं म्हटलं असतं तर सगळं सरळ झालं असतं. तुमच्या चितेची राख अजून पुरती निवाली नव्हती. पाटील नाही म्हणू शकले नसते. कौतिका दुसऱ्या दिवशी आत बसली असती आणि गिरजाबाईच्या घराला कोणी बोट लावलं नसतं.

पण तुमची ती इच्छा होती की नव्हती, मला ठाऊक नाही. कदाचित असेल. मला वाटतं, असेल. तरी तुम्ही ती बोलला नाहीत. तुम्ही मेल्यावर तुमच्या तोंडी माझा शब्द घालायचा म्हणजे आपलं भांडण मी लबाडीनं जिंकायचं. आणि आज मी एक शब्द घातला तर उद्या दुसरं कोणी तुमच्या नावानं दुसरा घालेल.

मी म्हटलं, "बाईनं मले तसं काई सांगतलं नाई, पाटीलबुवा. मी सांगतो ते माह्यं हाये. उद्यापासून महारवाड्यातल्या पोरी आत बसतीन."

मग पाटील म्हणाले, "बाईनं येवढ्या वर्सांत जे केलं नाई, ते तू करशीन?"

"हाव जी."

"मंग आमच्या पोरी येनार नाईत."

"त मी घरी येईन बलवाले."

"आन् नाईच धाडल्या त?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन."

ते उठले. त्यांच्यामागं बहुतेक सगळे उठले. फोटोचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी न सांगताही तुम्ही ओळखाल. खोली रिकामी नव्हती, एवढंच तुमच्या वेळेपेक्षा वेगळं. ओसरीतल्या सगळ्या आत आल्या. सुताराच्या दोघी आल्या, आणि आणखी एक पोर, तिच्या आजीनं हाताला धरून आणून सोडलेली. बाकी जागा मोकळी. माझ्याच भावाची लेक आली नाही. ज्याला तुम्ही आपल्या लुगड्याच्या झोळीत निजवलंत, त्यानं लेकीला घरी ठेवलं. "गावाबाहीर जाता येत नाई, अक्का," म्हणाला. माय तेव्हापासून त्याच्या हातचं पाणी पीत नाही. मी तिला सांगितलं की भांडणानं काही होत नाही. ती म्हणाली, "तू बाईसंग इतकी वर्सं काय करत होती?"

गिरजाबाईच्या नवऱ्याचं काम तुटलं. तुमचा हिशेब चुकला नव्हता. मात्र तो आता देऊळघाटाकडे कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो. घर उचललेलं नाही. मी बुलढाण्याला शाळा चालवणाऱ्या बोर्डाकडे जाऊन जे केलं ते स्वतःच सांगून आले, दुसऱ्या कोणी सांगण्याआधी. साहेबांनी "पाहू" म्हटलं. पाहू देत. मी रोज शाळा उघडते आणि रोज घरोघर जाते. पाटलांच्या दारात मला उभंच ठेवतात. मी उभी राहते. काल त्यांच्या धाकट्या नातीनं आतून विचारलं, "बाई, कितवा धडा चालू हाये?" तिला कोणीतरी आत ओढलं. पण तिनं विचारलं.

आणि बाई, आज सकाळचं सांगायचं आहे.

कौतिका आत बसते तरी दाराशीच बसायची. आज मी तिला पुढे बोलावलं. फळ्यावर लिहिलं होतं, दूध. तिनं वाचलं, "दूघ." ही चूक तिची जुनीच. तुम्ही किती वेळा तिची पाटी दुरुस्त केलीत, मीही केली; आपण म्हणायचो, पोरगी हुशार पण धांदरट. आज मी म्हटलं, "नीट पाहा."

ती उठून अगदी फळ्याजवळ आली. अक्षरावर बोट ठेवलं. बराच वेळ पाहत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "याचं डोकं उघडं हाये!"

"हो. तो ध. बंद डोक्याचा तो घ."

"वसरीतून दोनी बंद दिसत जी."

मी हातातला खडू खाली ठेवला. तुम्ही असता तर तुम्हीही खडू ठेवला असता, हे मी तुमच्याशी भांडून सांगते. तिनं जागेवर जाऊन पाटी पुसली आणि लिहायला बसली. दूध, साधू, धान. शेजारच्या सुताराच्या पोरीनं वाकून पाहिलं आणि आपल्या पाटीवरचा एक ध गुपचूप दुरुस्त केला.

मी फळ्यावर आणखी शब्द लिहून दिले. मग कौतिकाला सांगितलं, "एवढं होईस्तोवर वर्ग सांभाळ. मी पोरी घेऊन येते." आणि पाटलांच्या घराकडे निघाले.